स्वतःच्याच मेजवानीचं तळण

इल्दा आमच्या वरच्या मजल्यावर राहते. तिच्या स्वयंपाकघराची खिडकी माझ्या खिडकीच्या बरोबर वर. त्यामुळे तिच्या नात्यागोत्यात बाप्तिस्मा आहे की लग्न, हे मला निमंत्रणाआधी वासावरून कळायचं. पाण्यात लोणी आणि लिंबाची साल उकळल्याचा वास खाली उतरला की समजायचं, वर रिसोइशची उकड निघतेय.

रिसोइश म्हणजे कोळंबीचं सारण भरलेल्या, पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेल्या अर्धचंद्राकृती करंज्या. त्यांच्याशिवाय आमच्या बारेइरो गावात कुठलीही मेजवानी सुरू होत नाही. सोबत खारवलेल्या कॉड माशाचे वडे, मटणाचे तळलेले लांबट गोळे, म्हणजे क्रोकेत, आणि कोंबडीचं सारण भरलेल्या, वाटीएवढ्या, वरून पिठाचं झाकण लावलेल्या एम्पादा. हे सगळं इल्दा घरीच करायची. कुणी तिला तसं नेमलं नव्हतं. लग्न होऊन ती दूर दक्षिणेतल्या खेड्यातून इथे आली, तेव्हा तिला पाव घातलेलं सूप सोडून काही येत नव्हतं. पहिल्या हिवाळ्यात सासूने तिला उकड काढायला लावली. पीठ एकदम ओतायचं आणि पातेल्याचं बूड सुटेपर्यंत हात थांबवायचा नाही, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. गाठी झाल्या. सासू म्हणाली, "हे आता मांजरालाच घाल." इल्दा संडासात जाऊन रडली आणि बाहेर येऊन तिने पुन्हा पाणी ठेवलं.

मग तिला ते इतकं छान जमायला लागलं की सासूने हळूहळू हात काढून घेतला. सासू गेली आणि सगळं इल्दावरच आलं. एम्पादाच्या पिठात चरबी गार हाताने चोळायची, म्हणून ती भर थंडीत हात नळाखाली धरायची. पदराची पारी करायची तर पिठाच्या पोळीत लोण्याची लादी ठेवायची, घडी घालायची, लाटायची, गारव्यात ठेवायची, पुन्हा घडी. मधल्या वेळात इतर कामं. तिची मुलगी आनाबेला एकदा हसत म्हणाली होती, "आमची आई पारीबरोबर झोपते आणि पारीबरोबर उठते."

अलीकडे मात्र तिचं मनगट सुजायचं. जिन्यात भेटली की रेलिंगला टेकून उभी राहायची.

"दमलीस का गं?" मी विचारायचे.

"दमायला वेळ कुठे आहे, झुल्मीरा," ती म्हणायची आणि पिशवी या हातातून त्या हातात घ्यायची.

गेल्या ऑक्टोबरात तिच्या नणंदेचा, ओदेतचा, फोन आला. मी तेव्हा वरच होते, कॉफी प्यायला. ओदेतचा आवाज असा की फोन कानाला लावायची गरज नसते.

"वहिनी, शनिवारी दुपारी बँड मंडळाच्या हॉलमध्ये जेवण आहे. जुने वादक येणार आहेत सगळे. थोडंसं कर ना काहीतरी."

"ओदेत, माझा हात चालत नाही गं. या वेळेला राहू दे."

"असं काय करतेस? लोक तुझंच नाव घेतात. रिसोइश कर, वडे कर, एम्पादा कर. बाकी आम्ही बघतो."

"बाकी काय राहिलं?" इल्दा म्हणाली. पण ओदेतने 'लाडकी माझी वहिनी ती' म्हणून फोन ठेवूनही दिला होता.

इल्दाने माझ्याकडे पाहिलं. "हो म्हणाले का मी?"

"नाही म्हणालीस."

"पण ऐकलं कुणी?" ती म्हणाली आणि मासा भिजत घालायला उठली.

ते दिवस मी खालून ऐकत होते. लाटण्याचा आवाज, ओट्यावर पीठ आपटल्याचा आवाज, मध्येच खुर्ची सरकल्याचा. एकदा वर गेले तर तिचा नवरा आल्बानो टेबलाशी कोळंबी सोलत बसला होता. आयुष्यभर फेरीबोटीवर दोर ओढलेला माणूस. कोळंबी त्याच्या बोटांत दिसतही नव्हती. इल्दा पोळी लाटायची, सारणाचे ढीग ठेवायची, पोळी वरून दुमडायची आणि पेल्याच्या काठाने कापायची. प्रत्येक वेळी पेला दाबताना तिचे ओठ आवळायचे.

"पुरे कर की आता," आल्बानो म्हणाला. "कमी पडले तर पडले."

"कमी पडले तर तुझी बहीण काय म्हणेल?"

"काही नाही म्हणणार."

"तुला काय माहीत?"

आल्बानोने मान खाली घातली आणि तो कोळंबी सोलायला लागला. मलाही मान खाली घालावी लागली, कारण मलाही माहीत होतं. ते जेवण बँडच्या वादकांचं नव्हतंच. इल्दा आणि आल्बानोच्या लग्नाला पंचेचाळीस वर्षं होत होती. ओदेत आणि आनाबेलाने गुपचूप मेजवानी ठरवली होती आणि आम्हा सगळ्यांना शपथ घातली होती. खायला काय ठेवायचं हा प्रश्न आला तेव्हा ओदेत म्हणाली होती, "इल्दावहिनीलाच सांगू! तिला संशयसुद्धा येणार नाही." सगळे हसले होते. मीही हसले होते.

शनिवारी इल्दा यायलाच तयार नव्हती.

"डबे घेऊन जा तुम्ही," ती आनाबेलाला म्हणाली. "मी पडते जरा."

"आई, असं नाही चालायचं. उरलेले तळायला कोण आहे तिथे?"

या एका वाक्यावर ती उठली. केस तसेच, अंगात घरातला लोकरी कोट, त्याला तेलाचा वास. आनाबेला म्हणाली, "निळा ड्रेस घाल ना." इल्दा म्हणाली, "तळणाला निळा ड्रेस कशाला?"

हॉलचं दार उघडलं आणि आम्ही सगळे ओरडलो. कागदी फुलं उधळली गेली, कुणीतरी अकॉर्डियन वाजवलं. आल्बानोला कुणी कधी कोट चढवला कोण जाणे, तो समोर केस विंचरून उभा. इल्दा दारात, दोन्ही हातांत डबे. भिंतीवर तिचा लग्नातला फोटो मोठा करून लावलेला. ती त्या फोटोकडे बघत राहिली. मग डब्यांकडे बघितलं.

"म्हणजे हे मी माझ्यासाठीच केलं होय?"

सगळे खो खो हसले. तीही हसली. आनाबेलाने तिला मिठी मारली, ओदेतने डोळे पुसले. घरून तळून आणलेले डबे उघडले गेले, ताटं भरली. जो तो एक रिसोइश तोंडात आणि एक हातात घेऊन तिच्याजवळ यायचा आणि म्हणायचा, "काय हात आहे गं तुझा!" ती खुर्चीत बसून सगळ्यांना थँक्यू म्हणत होती. कोटाची बाही पुन्हा पुन्हा खाली ओढत होती, मनगट दिसू नये म्हणून.

तासाभरात ताटं रिकामी झाली. ओदेत स्वयंपाकघराच्या दारातून ओरडली, "वहिनी, तेल तापलंय गं! उरलेले सोडायचे ना?"

इल्दा सवयीने उठली आणि आत गेली. बराच वेळ झाला तरी बाहेर काही आलं नाही, म्हणून मी गेले. कढईतून धूर निघत होता आणि ती भिंतीजवळच्या स्टुलावर बसली होती. मी गॅस बंद केला.

"बरं वाटत नाहीये का?"

"बरं आहे की." तिने कढईकडे पाहिलं. "झुल्मीरा, मी ना, उठलेच नाही आता तर काय होईल?"

"काही होणार नाही."

"तेच," ती म्हणाली.

तेवढ्यात आनाबेला आली. "आई, केक कापायचाय, फोटोवाला थांबलाय. अगं, हे तळायचे राहिलेच की!"

"तू तळ."

"मला कुठे येतं?"

"मलाही येत नव्हतं."

तिच्या आवाजात राग नव्हता. तिने ते अगदी दमून सांगितलं. आनाबेला आईकडे बघत उभी राहिली, मग तिने बाह्या सरसावल्या. पहिल्याच घाण्यात कडा उकलल्या, सारण तेलात सांडलं, सगळीकडे शिंतोडे उडाले. इल्दा स्टुलावरून बघत होती. एरवी तिने झारा हिसकावून घेतला असता. या वेळी तिने स्टूल सोडलं नाही. करपलेले, फुटलेले रिसोइश बाहेर गेले आणि लोकांनी तेही खाल्ले.

संध्याकाळी इल्दा, आल्बानो आणि मी, आम्ही तिघं चालत घरी आलो. जिन्यात इल्दा थांबली.

"तुला माहीत होतं," ती आल्बानोला म्हणाली.

"होतं."

"आणि कोळंबी सोलत बसलास."

"ओदेतने शपथ घातली होती गं. म्हटलं, निदान सोलून तरी देऊ."

त्याच्या दंडाला धरून ती वर गेली.

त्यानंतर तिने सगळं सोडलं असं नाही. नाताळात घरापुरतं केलं. वसंतात ओदेतच्या नातीचा चर्चमधला पहिल्या कम्युनियनचा विधी आला तेव्हा इल्दा फोनवर म्हणाली, "करू की. तू सकाळी ये, पीठ मळायला." ओदेत आली, अर्ध्या तासात कंबर धरून बसली आणि म्हणाली, "वहिनी, तू हे एवढी वर्षं कशी गं करत होतीस?" इल्दा म्हणाली, "उभी राहून." ओदेतने उरलेलं सगळं बेकरीतून मागवलं. ते खाताना इल्दाला मी बारीक लक्ष देऊन बघत होते. तिने एक खाल्ला, दुसरा घेतला. "बरे आहेत," म्हणाली. तिला ते बरे लागले याचं तिलाच जरा वाईट वाटलं असावं.

मी तिला एकदा विचारलं, आता हलकं वाटत असेल ना? ती म्हणाली, "नाही गं. वाटलं होतं वाटेल. दमणं काही फक्त मनगटात नव्हतं."

आता कधी कधी रविवारी आनाबेला येते. उकड अजून तिची घट्टच होते. आल्बानो पेल्याने कापून देतो, दोघं भांडतात, पीठ जमिनीवर सांडतं. इल्दा आतल्या खोलीत कोचावर पडलेली असते, तोंड भिंतीकडे करून. परवा त्यांनी तिला हाक मारली, मीठ किती घालायचं विचारायला. ती झोपली होती. त्यांनी अंदाजाने घातलं.