घंटा काढली तेव्हा

वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात मावशींनी एकोणीस वर्षं काढली. सकाळी आठला नाश्त्याची घंटा व्हायची, नऊला टेबलं रिकामी व्हायची, आणि मावशी तडक घर गाठायच्या. अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याला पुसून, भरवून, कूस बदलून दुपारच्या जेवणाला परत हजर. त्या दीड तासावर त्यांचा सगळा संसार तगून होता.

या उन्हाळ्यात व्यक्तिस्वातंत्र्यावरचं दहा दिवसांचं निवासी शिबिर आलं. शिबिराच्या सरांनी पहिल्याच दिवशी घंटा उतरवली. शहाणी माणसं काय घंटेवर खातात? ज्याला वाटेल तेव्हा त्याने नाश्ता करावा! पोरांनी टाळ्या पिटल्या. मग काय, कुणी सातला उगवतंय, कुणी साडेअकराला. मावशी गॅसपाशी अडकल्या आणि नवरा दुपार टळेपर्यंत ओल्या अंथरुणात.

चौथ्या दिवशी मावशींनी सरांना गाठलं. "सर, तेवढी घंटा परत लावा की. मला घरी जाताच येत नाही हो."

सर गोड हसले. "मावशी, इथे कुणावरच जबरदस्ती नाही. पटत नसेल तर काम सोडायला तुम्हीही अगदी मोकळ्या आहात."

आणि हे वाक्य त्यांनी दुपारच्या व्याख्यानासाठी वहीत टिपूनही घेतलं!

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण करतात काय? अकरा वाजून गेले होते. दोन पोरं डोळे चोळत दारात उभी होती. मावशींनी गार झालेला चहा पुन्हा गॅसवर चढवला.

"सावकाश होऊ द्या, मावशी," त्यातला एक म्हणाला. "आम्हाला काही घाई नाही."