न फुलवलेला डिंक

अन्याय झाला तो माझ्या काकांच्या घोडीवर. गेल्या वर्षी, रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी दहा ते दुपारी एक.

काका कापडे गावात भातशेती करतात आणि लग्नसराईत महाड-पोलादपूरच्या वरातींना घोडी लावतात. लावत. त्या सकाळी ती पुढच्या पायाने अंगण उकरत होती, वळूनवळून स्वतःच्या कुशीकडे बघत होती. लीद पडली नव्हती. काकांनी डॉक्टरांना लावायला फोन हातात घेतला आणि त्यांना फळीवरचा डबा आठवला. महाडच्या एका दुकानदाराने गळ्यात मारलेला. शुद्ध झाडाचा डिंक, माणसाच्या आणि घोड्याच्या पोटासाठी. डब्यावर एक म्हातारा आणि एक घोडा, दोघेही हसताहेत.

"वाच गो तू. पत्रकं छापतेस ना?" काकांनी डबा माझ्या हातात दिला.

मी सभेत वाचते तसं खणखणीत वाचलं. "संपूर्ण नैसर्गिक. कोणताही अपाय नाही. दोन मुठी खडे गुळात कालवून द्यावेत. तीन तासांत गुण. तोवर दुसरे औषध देऊ नये."

काकी दारातून ओरडली, "कोरडाच? अगो, बाळंतिणीच्या लाडवालापण डिंक तुपात फुलवून घेतात. हा पोटात जाऊन फुलंल!"

"घोडी काय बाळंतीण हाय?" काका म्हणाले.

आम्ही दोघं हसलो. मी जास्त हसले.

काकांनी जबडा उघडून गुळाचे गोळे आत सारले आणि फोन खिशात टाकला. तीन तास आम्ही डब्याचा शब्द पाळला. एक वाजता ती आडवी झाली, पोट ढोलासारखं ताणलेलं. डॉक्टर आले तेव्हा ती गेली होती. डोळे उघडे होते, एवढंच.

"आतडं पिळलं होतं," डॉक्टर म्हणाले. "डिंकानेच झालं असं मी म्हणणार नाही. पण दहाला फोन केला असतात, तर मला निदान प्रयत्न करता आला असता."

मी त्या दुकानात जाऊन भांडले. दुकानदार म्हणाला, "नैसर्गिक आहे हो ताई, मी स्वतः खातो."

"दोन मुठी?"

तो हसला. डबे अजून तिथेच आहेत, गल्ल्याच्या शेजारी.

आणि मी? मार्चमध्ये चवदार तळ्यापाशी पत्रकं वाटताना कुणी म्हणतं, ताई, जरा वाचून दाखवा. मी तोंड उघडते आणि आतून आधी तेच येतं: कोणताही अपाय नाही. माझाच आवाज. खणखणीत. अंगणात तिच्या खुरांनी पडलेला खळगा काकांनी बुजवलेला नाही. काकी सारवते ती त्याला वळसा घालून. मला ती एका शब्दानेही बोललेली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. कधी भर दुपारी अंगण कुणी उकरतंय असं ऐकू येतं. मी बाहेर बघत नाही.

तुमच्या फळीवर असा डबा असेल. जनावर जमीन उकरत असेल, किंवा घरातलं माणूस पोट धरून बसलं असेल, तर आधी डॉक्टरांना फोन लावा. लेबल नंतर. आणि माझ्यासारखी कुणी शिकलेली ते मोठ्याने वाचायला लागली, तर तिच्या हातातून डबा काढून घ्या.