नानांच्या चुली

कोणाच्याही घरात शिरले, की ते आधी वर बघायचे. माणसांकडं नाही, आढ्याकडं. मग भिंतीवरून एक बोट फिरवायचे, ते बोट उजेडात धरायचे आणि घरातल्या बाईला म्हणायचे, "माय, खोकला कधीपासून शे?" बाई चकित व्हायची. तिनं खोकल्याचं कोणाला सांगितलेलंच नसायचं.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. बसायला चटई टाकावी तर हे चुलीपुढं उकिडवे बसणार, आत तोंड घालून बघणार. नव्या सुना लाजून बाजूला व्हायच्या. सगळं गाव त्यांना नाना म्हणायचं, मीही नानाच म्हणते.

धुळ्यात देवपूरच्या एका शाळेत ते हस्तकला शिकवायचे. निवृत्त झाल्यावर बायकोला घेऊन आमच्या गावी आले. गाव धुळ्याहून चाळीसगावकडं जाताना लागतं. मी तेव्हा बालवाडीत मदतनीस होते. दुपारी पोरं घरी गेली की ओटा मोकळा असायचा. नाना एक दिवस आले नि म्हणाले, "अक्का, हा ओटा दुपारचा मला देशील का? मोठ्या पोरांची बालवाडी काढतो."

चौघं जमली. नववीत शाळा सुटलेली मंगल, पत्र्याचं काम करणाऱ्या चाचांचा शकील, आणि गावातलेच दोघं चुलतभाऊ. चौघंही रिकामी होती. सुरतेला कोणी नेतं का, याची वाट बघत बसलेली. नाना त्यांना बिनधुराची चूल बांधायला शिकवू लागले. माती, भुसा, शेण, आत वाट काढायची, मागून पत्र्याचा पाइप धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर न्यायचा. नानांच्या आईचे डोळे धुरानं गेले होते. ते त्यांनी एकदाच सांगितलं, पुन्हा कधी नाही.

पण ऐका, चूल बांधणं हा त्यांचा धडाच नव्हता. ते म्हणायचे, "बांधायला आठ दिवसांत शिकाल. पुढं काय?" आणि स्वतःच सांगायचे, "इकीसन सुटका नही, चूल विकली म्हणजे सुटलो असं नाही. ज्या घरी चूल दिली त्या घरचे तुम्ही झाले. दिवाळीनंतर एकदा आणि आखाजीच्या आधी एकदा पाइप झाडायला जायचं. त्याचे पायलीभर दाणे घ्यायचे. तुमचं पोट चाललं पाहिजे, नाहीतर तुम्ही जाणार नाही. आणि तुम्ही नाही गेले तर त्या बाईचं घर पुन्हा काळं."

चूल फुकट द्यायची नाही, हाही त्यांचा हट्ट. एकदा मीच म्हटलं, "नाना, गरिबाला द्या की तशीच." तर म्हणाले, "अक्का, फुकटच्या चुलीला कोणी पोतेरं देत नाही."

पहिलं वर्ष छान गेलं. आमच्या आणि शेजारच्या गावात चुली बसल्या. मंगल तर सायकल शिकली त्यापायी. तिचा बाप ओरडायचा, आई मात्र दाराआडून हसायची.

मग आली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खानदेशात लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, आणि घरोघरी खापरावरची पुरणपोळी होते. खापर म्हणजे घमेल्याएवढं मातीचं भांडं, चुलीवर पालथं घालतात आणि त्याच्या पाठीवर ती हातभर पोळी टाकतात. ते खापर नानांच्या चुलीवर बसेना. चुलीचं तोंड लहान! बायकांनी काय केलं असेल? घेतला बत्ता आणि फोडली तोंडं. खापर बसलं, पोळ्या झाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळा धूर परत घरात.

ओट्यावर मोठी सभाच भरली. एक म्हातारी नानांच्या तोंडावर हात नाचवत म्हणाली, "तुना चुलाले काय करू? आखाजीले पोरी येल शेतस, त्यासले तावानी पोयी खावाडू?" शकील चिडला, म्हणाला, "आजी, बांधेल चूल फोडी टाकी, नि वरतून बोलस?"

नाना त्याच्यावर ओरडले. त्यांचा आवाज चढलेला मी तेवढा एकदाच ऐकला. "गप! रांधणारीला विचारल्याशिवाय चूल बांधली आपण. चौघंही जा, घरोघरी खापराचं माप घेऊन या." मग मंगलनंच वाट काढली. तोंड मोठं ठेवायचं आणि त्यावर मातीचं सुटं कडं. रोज कडं ठेवा, सणाला काढा. नानांनी तिला पाटीएवढी गुळाची ढेप दिली आणि तिच्या बापाला बोलावून सांगितलं, "पोरगी आता माझी उस्ताद आहे."

तर असं सगळं मार्गी लागत होतं, तेव्हा एक ठेकेदार आला. कुठल्याशा योजनेतून चुली फुकट वाटायच्या होत्या, तालुकाभर. बांधतील तितक्या चुलींचे पैसे हातावर. त्याला तयार हात हवेच होते, आणि तयार हात आमच्याच ओट्यावर बसलेले.

चौघं नानांपुढं आली. कोणी वर बघेना. नाना म्हणाले, "जा. पोट शे तुम्हले, मी कोण अडवणारा? फक्त एवढं सांगा, आखाजीच्या आधी पाइप कोण झाडेल?"

शकील पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत म्हणाला, "नाना, पाइप झाडानं काम ठेक्यामा नही."

नाना "बरं" म्हणाले. बस, तेवढंच. नानांच्या घरची शिडी खांद्यावर घेऊन चौघं ठेक्याच्या कामाला गेली.

फुकट मिळतेय म्हणून लोकांनी आधीच्या चांगल्या चुलीसुद्धा काढून टाकल्या. नव्या चुलींना ते कडंही नव्हतं. ठेका संपला, ठेकेदार गेला. चारच महिन्यांत पाइप काजळीनं बुजले आणि बायकांनी पुन्हा तीन दगड मांडले. काही घरांत त्या चुलीत कांदे ठेवलेले मी पाहिले आहेत. चौघांकडून आता कोण चूल विकत घेणार? शकील सुरतेला गेला, मागून ते दोघं भाऊ गेले. मंगलचं लग्न रावेरकडं लावून दिलं.

नाना एकटे निघायचे. काठीला चिंध्या बांधून गावोगाव, ज्याच्या त्याच्या शिडीनं धाब्यावर चढून दुसऱ्यांच्या चुलींचे पाइप झाडायचे. ठेक्यातल्यासुद्धा. संध्याकाळी परत यायचे तेव्हा दात आणि डोळे तेवढे दिसायचे. गल्लीतली पोरं "काजळीबाबा" म्हणून मागं धावायची. मी रागावून म्हटलं, "नाना, आता छाती वाजते तुमची. सोडा की!" खोकला थांबल्यावर म्हणाले, "अक्का, त्या चुलींवर हात माझ्याच पोरांचे फिरले ना."

दोन उन्हाळे त्यांनी असे काढले. तिसरा निघाला नाही. धुळ्याला दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी फोटो काढून छाती बघितली आणि घरी न्यायला सांगितलं.

नाना गेले. त्यांच्या घरी आम्ही शेजारच्या बायका पिठलं-भाकरी पोचवत होतो, रीतच आहे आमची. चार-सहा दिवसांनी नानांच्या बायकोनं, काकूंनी, पहिल्यांदा स्वतःची चूल पेटवली. मी तिथंच होते. धूर उलटा फिरला, सगळं घर भरलं. नानांच्या स्वतःच्या घरचा पाइप बुजलेला होता. आम्ही दोघी डोळे पुसत अंगणात आलो.

अंगणात ती चौघं बसली होती. सुरतेहून तिघं, रावेरहून मंगल कडेवर मूल घेऊन. निरोप पोचायला उशीर झाला होता. दारातून येणारा धूर ती नुसती बघत राहिली. मग शकील उठला, बाह्या वर केल्या आणि म्हणाला, "काकू, शिडी कोठे शे? मी वर चढस."

काकू पदरानं डोळे टिपत होत्या. आवाज चढवला नाही, रागही नव्हता. म्हणाल्या, "शिडी तर तुम्हीच लई गयथात ना भाऊ, ठेकेदारना कामले. ती परत कोठे आणी?"