फक्कीच्या भिंती

या सदरातले अनुभव मी जेवता जेवता वाचते. पिंपळाखालची बाई, बंद खोलीतली पावलं... वाचायचं, हसायचं आणि मैत्रिणीला फॉरवर्ड करायचं. आमच्या घरात अंगारा-धुपारा कधी शिरला नाही. माझ्या आईला कुणी "नजर लागली" म्हटलं, तर ती त्या माणसालाच डोळे तपासून घ्यायला सांगते. त्यामुळे हे सगळं मी इथे लिहितेय याचं माझं मलाच आश्चर्य वाटतंय. पण काय करू, त्या सकाळची आठवण झाली की अजूनही जागेवर उडी मारावीशी वाटते! भीती वाटली नाही हो. आधीच सांगते, म्हणजे शेवटी "भूत कुठंय?" म्हणून माझ्यावर चिडू नका.

मी मयुरी. घर वर्ध्याला, बोरगाव मेघेत. नागपूरच्या एका कॉलेजात आर्किटेक्चर केलं. पाच वर्षांत मी एक वाचनालय, एक बसस्टँड आणि कापसाचं एक म्युझियम बांधलं — सगळं कागदावर आणि सनबोर्डच्या मॉडेलमध्ये. शेवटच्या वर्षाच्या थिसिसला मात्र मला खरी जागा आणि खरी माणसं हवी होती. म्हणून मी आमच्या मूळ गावासाठी गाण्याच्या हॉलचा विषय घेतला. गाव समुद्रपूरच्या पुढे. नाव लिहीत नाही, उगाच लोक बघायला यायचे.

हॉल का, तर मोठ्या बाबांसाठी. मोठे बाबा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. गावातल्या गायन पार्टीचे मुख्य गायक. विहाराच्या कार्यक्रमात, लग्नात, बारशात त्यांचाच आवाज. आता वय झालं, आवाज बारीक झाला. माईक त्यांना अजिबात चालत नाही. "त्या डब्यातून निंगते तो आवाज माहा नोहे," म्हणतात. गेल्या वर्षी एका कार्यक्रमात मागच्या लोकांनी "ऐकू येऊन नाई राह्यलं!" असा ओरडा केला, आणि मोठे बाबा पेटी बंद करून उठले ते उठलेच. त्यानंतर गायलेच नाहीत. मला वाटलं, माईकशिवाय आवाज पोचेल असा हॉल काढावा. निदान कागदावर तरी.

पण माझं एक वर्ष आधीच गेलं होतं. मागच्या वेळी थिसिस नापास झाला होता. या खेपेच्या रिव्ह्यूतही पॅनेलनं माझी चांगलीच खरडपट्टी काढली. "बिल्डिंग निर्जीव आहे." "माणूसच दिसत नाही यात." त्यांना आवडली ती एकच गोष्ट, मागची गोल भिंत. प्रेक्षकांच्या मागून अर्धगोल फिरणारी ती भिंत माझीही लाडकी होती. बाकी सगळं सुधारा, नाहीतर फायनल ज्युरीला, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेला, येऊ नका, असं स्पष्ट सांगितलं. निघताना गाईड सरांनी हळूच विचारलं, "तू तुझ्या प्लॅनमध्ये कधी चालून बघितलंस का?"

कागदावर कसं चालणार? मी बसमध्ये बसून तेवढाच विचार करत आले. आणि मग सुचलं — जागेवर जाऊन खऱ्या मापात आखायचं! कबड्डीचं मैदान आखतात तसं, चुन्याच्या फक्कीनं.

नालवाडीची सोनल माझी वर्गमैत्रीण. तिला ओढत नेलं. मार्च महिना होता, शेतांतल्या कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झालेल्या. जागा कशी ते नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. गावाबाहेर नाल्याच्या अलीकडे गावठाणाची पडीक जमीन. एक बाभूळ, बाकी सपाट. सगळ्यात जवळची भिंत शाळेची, आणि तीसुद्धा पार रस्त्यापलीकडे. तिथे टाळी वाजवली तर ती हवेतच विरून जाते. मी वाजवून बघितली होती.

खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली, फक्की सोडत गेलो. स्टेज, बसायची जागा, बाजूच्या भिंती. मागच्या गोल भिंतीसाठी मध्ये खुंटी ठोकून दोरी फिरवली. रस्त्याच्या बाजूला दारापुरती रेघ मोकळी सोडली. सगळं झालं तेव्हा उन्हं चांगली वर आली होती, आणि आम्ही दोघी पिठाच्या गिरणीतून आल्यासारख्या पांढऱ्या.

तेवढ्यात मोठी आई, म्हणजे मोठ्या बाबांची बायको, चहा घेऊन आली, मागोमाग मोठे बाबा. मोठ्या आईनं सगळीकडे नजर फिरवली आणि विचारलं, "दरवाजा कोनता वं?" मी दाखवला. तिनं दारापाशी चपला काढल्या, डोक्यावर पदर घेतला आणि आत गेली. मोठ्या बाबांनीही काढल्या. मला हसू आलं, पण मग माझ्याही चपला आपोआप निघाल्या.

मी दारातून आत पाऊल टाकलं आणि मोठी आई म्हणाली, "हा घ्या चहा."

बस्स, एवढंच. पण ते तीन शब्द असे घुमले, की घरातलं सगळं सामान हलवल्यावर रिकाम्या खोलीत बोललं की कसं वाटतं, अगदी तस्सं! मी थिजले. वर बघितलं. वर आभाळ, एक घार. मी टाळी वाजवली. टाळी मोठी झाली, भिंतींना लागली आणि विरली. कोणत्या भिंतींना? फक्कीच्या?

"सोनल!" मी किंचाळले. "इकडे ये, लवकर ये!"

सोनल बाहेर उरलेल्या खुंट्या गोळा करत होती. ती बूट घालूनच, रेघेवरून टुण्णकन उडी मारून आत आली. मी टाळी वाजवली. "मग?" ती म्हणाली. "काय ऐकायचं बे?" तिला काहीच ऐकू येत नव्हतं! मी रडायच्या बेतात आले. मला वाटलं, उन्हानं डोकं फिरलं माझं.

मोठी आई मात्र तिच्यावरच चिडली. "दरवाजा काय शोभेले ठेवला काय पोरीनं? जाय, बाहीर जाय. अन् बूट काढून सीधी ये."

सोनल हसत बाहेर गेली, बूट काढले, दारातून आली. मी टाळी वाजवली.

तिचं हसू पाहता पाहता मावळलं. "आईशप्पथ," ती म्हणाली, आणि तिचा 'आईशप्पथ'सुद्धा घुमला.

मग आम्ही वेड्यासारखं सुरू केलं. बाहेर जा, आत ये. रेघ ओलांडून आलं की काही नाही, उघडं मैदान. दारातून आलं की हॉल. सोनलनं मोबाईलवर रेकॉर्ड केलं, त्यात नुसता वारा आला. ती दर वेळी नवीन कारण शोधायची, आणि दर वेळी स्वतःच खोडायची. मी तर आनंदानं नाचतच होते. जी बिल्डिंग मी महिनोन्महिने डोळे फोडून काढली, तिच्यात मी उभी होते हो! खरंच उभी होते!

मोठे बाबा इतका वेळ आमची धावपळ बघत होते. ते हळूहळू स्टेजच्या रेघेत गेले आणि घसा साफ केला. मोठी आई माझा हात धरून उभी राहिली. त्यांनी एक ओळ सुरू केली, आणि तो बारीक आवाज मागपर्यंत आला. पण दुसऱ्या ओळीला ते अडखळले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा ताल चुकला. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे माह्या मांगं कोन म्हणून राह्यलं?" त्यांनी विचारलं. "मी म्हनलं का तो बी म्हनते. थांबून थांबून म्हनते."

मी मोठ्या आईला तसंच हाताला धरून स्टेजवर नेलं. खरंच! तिथे उभं राहून बोललं की स्वतःचाच आवाज जरा उशिरानं परत येत होता, तोही सरळ तोंडावर. कुठून? समोरून. गोल भिंतीकडून.

"माह्यानं नाई होत," असं म्हणून मोठे बाबा खाली बसले. मोठ्या आईनं माझा हात सोडला, आणि ते मला फार लागलं. माझ्याच हॉलनं त्यांना गप्प केलं होतं.

आता बघा माझी पंचाईत. पॅनेलला आवडलेली एकच गोष्ट म्हणजे ती भिंत. ती काढली की ज्युरीसमोर दाखवायला उरतं काय? सोनल म्हणाली, "पागल झालीस का? फक्कीचं ऐकून थिसिस बदलशील? आणखी एक वर्ष घालवायचंय?" तिचं बरोबरच होतं. तरी मी मोठ्या आईला म्हटलं, "घरून झाडू आणून दे."

गोल भिंत मी स्वतः झाडून टाकली. तिच्या जागी नागमोडी, कोन मोडत जाणारी भिंत आखली. आवाज एका जागी परत न फेकता इकडेतिकडे विखरून देणारी. हात दुखत होते, फक्की संपत आली होती. शेवटचा तुकडा अगदी पातळ ओढला.

"मोठे बाबा, एकदा," मी म्हटलं. "माझ्यासाठी."

ते उठले. बाहेर जाऊन पुन्हा दारातून आले, कुणी न सांगता. स्टेजवर गेले, डोळे मिटले. आणि गायले... काय सांगू तुम्हाला! तोच म्हातारा आवाज, पण सगळीकडे भरलेला. मी अगदी मागच्या कोपऱ्यात होते, आणि त्यांचा श्वाससुद्धा मला ऐकू येत होता. एक कडवं, दुसरं, तिसरं. ताल कुठेच चुकला नाही. सोनल खाली मांडी घालून बसली होती आणि रडत होती. मोठी आई पदर तोंडाला लावून हसत होती.

"पुरला वं," मोठे बाबा म्हणाले. "माहा आवाज पुरला."

ज्युरीच्या दिवशी पॅनेलमधल्या सरांनी पहिलाच प्रश्न टाकला, "गोल भिंत कुठे गेली?" मी म्हटलं, "काढली सर. गाणाऱ्याला त्रास होत होता." "होत होता?" ते म्हणाले. "बांधलीस का तू?" सगळे हसले. पण बाहेरून आलेल्या परीक्षक बाई, पांढऱ्या केसांच्या, जाड चष्म्याच्या, हसल्या नाहीत. त्यांनी मॉडेलवर वाकून मागची भिंत बोटानं चाचपली. मग म्हणाल्या, "बरं केलंस. ती ठेवली असतीस तर मी तुला इथेच अडवणार होते." त्यानंतर कितीतरी वेळ त्या दार कुठे, बसणार कोण, मोठे बाबा कोण, असंच विचारत राहिल्या. मी पास झाले! नुसती पास नाही, चांगली पास झाले.

सोनल म्हणते, गोल भिंतीनं आवाज परत येतो हे आपण दुसऱ्या वर्षात शिकलो होतो. तू विसरलीस, तुझ्या मनानं आठवण करून दिली. असेल. पण मग मोठ्या बाबांना कोणत्या मनानं आठवण दिली? ते तर कधी त्या वर्गात बसले नाहीत. आणि सोनल बुटांसकट आत आली तेव्हा काय झालं? यावर ती म्हणते, "विषय बदल ना बे." मीही खूप डोकं खाजवलं. कुणाकडे उत्तर असेल तर खुशाल लिहा, पण मला मूर्खात काढू नका.

एवढं सांगून थांबणार होते, पण दिवाळीत गावाला जाणं झालं. हॉल काही बांधलेला नाही, बांधतील असंही दिसत नाही. पावसानं फक्की कधीच धुऊन नेली, खुंट्यासुद्धा कुणी चुलीत घातल्या असतील. कापसाची वेचणी सुरू होती, शेतं पांढरी झाली होती. संध्याकाळच्या उन्हात मी रस्त्यावरून बघितलं तर पडीक जागेत गायन पार्टी बसली होती. पेटी, ढोलक, आणि मधे मोठे बाबा. माझा आनंद मावेना. मी हात हलवत गवतातून सरळ त्यांच्याकडे पळत निघाले.

"अवं मयुरे!" मोठी आई तिथूनच ओरडली. "भिताडातून काऊन येऊन राह्यली वं?"

मी जागच्या जागी थांबले. खाली बघितलं. नुसतं गवत. पण रस्त्याच्या बाजूला, जिथे मी रेघ मोकळी सोडली होती, तिथे सगळ्यांच्या चपला ओळीनं काढलेल्या होत्या.

मी मागे फिरले, वळसा घालून तिथे गेले, माझ्या चपला त्या ओळीत ठेवल्या आणि आत गेले. मोठ्या बाबांनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि पुढची ओळ उचलली. मी मागच्या कोपऱ्यात जाऊन बसले. तिथपर्यंत सगळं ऐकू येत होतं.