लंकावहिनी समुद्राला जातात

तांबट आळीत कुणालाही विचारा, तो कौतुकानं सांगेल, "चिमाजीरावांनी छत्तीस सालच्या उन्हाळ्यात बायकोला समुद्राची हवा खायला नेलं. असा नवरा मिळायला पुण्य लागतं!" हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. पुण्य असेलच तर ते चिमाजीरावांच्या भांड्यांचं. मी त्यांचा शेजारी. हकीकत नवऱ्याच्या तोंडून ऐकली, बायकोच्याही तोंडून ऐकली, आणि आता बायकोच्या बाजूनं लिहितोय. कुणाला राग आला तर खुशाल येवो.

लंकावहिनी विंचूरच्या. लहानपणीच लग्न होऊन या आळीत आल्या. तांब्यावर दिवसभर ठोके पडत असल्यानं इथं सगळ्यांचेच आवाज चढलेले. वहिनींनी मायेनं "बसा की भावजी" म्हटलं तरी पाहुणा दचकून उभाच राहतो. पण इतक्या मोठ्या आवाजात या बाईनं स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही. पाटल्या नाहीत, पैठणी नाही. रामकुंडावर कोकणातल्या यात्रेकरू बायका भेटल्या, त्या म्हणाल्या, समुद्राची लाट अंगावर घेतली की सगळा शीण जातो. झालं! वहिनींनी जन्मात पहिल्यांदा तोंड उघडलं. "अहो, मला एकदा लाट अंगावर घ्यायचीय."

"सारा देश आंघोळीला नाशकात येतो आणि आपण बाहेर जायचं?" चिमाजीराव गरजले. पण दोन वर्षांनी का होईना, कबूल झाले.

नाशिक रोडला जायला दोन टांगे केले. एकात नवरा-बायको आणि मिसरूड फुटलेले दोन मुलगे, दुसऱ्यात भांडी. घागर, घंगाळ, तपेली, तांबे, शिवाय पाणी तापवायचा बंब. वैशाखात! पालघरला उतरून बैलगाडीनं केळव्याला गेले. ओळखीच्या पानवाल्याचं वाडीतलं घर रिकामं होतं, तिथं उतरले. समोर माडांची रांग आणि त्यापुढे समुद्र. वहिनींनी लांबूनच हात जोडले.

दुसऱ्या दिवशी पहाटे भरती आली होती. मुलगे धावत सुटले. वहिनीही लुगडं खोचून निघणार, तोच पडवीतून हाक आली.

"अगं ए! ही भांडी बघ!"

खाऱ्या हवेनं एका रात्रीत तांबं काळवंडलं होतं. कडांना हिरवी झाक चढलेली.

"रात्री कोरडी केली नव्हतीस?"

"केली होती. तुमच्या समुद्राला विचारा."

"तांबटाच्या घरची भांडी अशी? लोक काय म्हणतील?"

लोक! अहो, तिथं माड सोडले तर लोक होते कोण? पण वहिनी चिंच आणि राख घेऊन विहिरीपाशी बसल्या. घासून उठल्या तेव्हा ओहोटी लागली होती. समुद्र पार लांब गेला होता, नुसता चिखल आणि खेकडे.

"आई, संध्याकाळी येतो तो परत," थोरला वाल्मीक म्हणाला.

संध्याकाळी तो आला, पण तेव्हा वहिनी चुलीपुढे. सकाळी पुन्हा भांडी काळी. रोज हेच. बाप-लेक ओल्या अंगानं यायचे, उजळलेल्या तपेलीतला भात चापून खायचे आणि वर म्हणायचे, "हवेनं भूक काय लागते!" अरे, हवेनं भात रांधला होता काय? एकालाही वाटलं नाही की दोन तांबे आपण घासावेत.

एक मात्र वहिनींच्या लक्षात आलं होतं. समुद्र रोज थोडा उशिरा येत होता. निघायच्या दिवशी भांडी घासायच्या वेळेलाच भरती चढली. दुपारी गाडी यायची होती. चिमाजीरावांनी सगळी भांडी पुढ्यात मांडली. "आळीत शिरताना झळकली पाहिजेत हं!"

वहिनी उठल्या. रिकामी घागर काखेला मारली आणि विहिरीकडे पाठ करून सरळ चालू लागल्या.

"अगं, खाऱ्या पाण्यात नको! डाग पडतील!"

वहिनी थांबल्या नाहीत. माहेरच्या विहिरीत पालथी घागर धरून पोहायला शिकलेली ही बाई. तशीच घागर पाण्यावर पालथी दाबली, तिला कवटाळलं आणि गळ्याइतक्या पाण्यात गेल्या. पहिली लाट डोक्यावरून गेली. नाकातोंडात पाणी, अंबाडा सुटलेला, आणि वहिनी लहान पोरीसारख्या खिदळतायत!

काठावर चिमाजीराव कासावीस. बायको पाण्यात आहे, म्हणून? छे! आळीतल्या आवाजात ते ओरडले, "घागर सांभाळ! घागर!"

वहिनींनी ते नीट ऐकलं. मग दोन्ही हात सोडले. घागर आडवी झाली आणि डुचमळत निघाली.

"घ्या तुमची! मला माझी लाट घेऊ द्या!"

पाच दिवस कमरेपुढे न गेलेले चिमाजीराव धोतरासकट छातीभर पाण्यात शिरले. घागर मिळाली, धोतर थोडक्यात वाचलं. ते परत आले तरी वहिनी बाहेर यायला तयार नाहीत. गाडीवान येऊन उभा राहिला, वाल्मीक दोनदा बोलावून गेला. वहिनी मन भरेपर्यंत पाण्यात बसल्या. भांडी तशीच काळी गाडीत चढली आणि तशीच आळीत उतरली.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम गेलो. वाटलं, माणूस वरमला असेल. चिमाजीराव ओट्यावर स्वतः घागर घासत होते.

"काय, कशी झाली सफर?"

"काय सांगू!" त्यांनी सुस्कारा सोडला. "या घागरीला फार सोसावं लागलं हो."

मी वहिनींच्या वतीनं चांगला भांडणारच होतो. तेवढ्यात त्याच बाहेर आल्या, चिंचेचा आणखी एक गोळा नवऱ्यापुढे ठेवला, "गळ्याशी राहिलंय बघा," म्हणाल्या आणि पदर सारखा करून आळीतल्या बायकांना समुद्र सांगायला गेल्या.