समोरच्या सुमनच्या घरी मला न पोहोचवता आलेली पिठलं-भाकरी

मंडळी, आज लिहिल्याशिवाय राहवत नाहीये.

इंदुरी गावातली माझी शेजारीण सुमन काल गेली. गल्ली ओलांडली की तिचं घर. त्यांच्याकडे चूल पेटणार नाही म्हणून सकाळी पिठलं-भाकरी केली, चपला घातल्या आणि दारातच थिजले. छातीत नुसती धडधड. साठीनंतर जडलेलं दुखणं हे. फाटकाबाहेर पाऊलच पडत नाही.

शेवटी मला डबा घेऊन दारात उभी पाहून तिचे मालकच तो न्यायला आले. "ऱ्हाऊ द्या वैनी. सुमन म्हनायची, त्यांला न्हाई जमत, आपुनच जायचं."

ज्याच्या घरी दुःख, तोच माझी समजूत घालत होता.

दुपारी फाटकाची कडी वाजली. सुमन रोज याच वेळी यायची. मी सवयीने आतून म्हणाले, "ये गं, उघडंच आहे."

कुणी नव्हतं. वारा होता.

तुमच्या ओळखीत असं घरात अडकलेलं कुणी आहे का? त्यांच्या फाटकाची कडी कोण वाजवतं?