हिरडीखालचं काम

खुर्च्या-सोफ्यांना कापड चढवणाऱ्या तात्यांचं तोंड म्हणजे खिळ्यांची डबीच. मूठभर बारीक खिळे गालात कोंबायचे, जिभेनं एकेक फिरवून ओठांवर आणायचा, हातोडी चालूच. चाळीस वर्षं असंच. अलीकडं मात्र खालचा पुढचा दात डुलायला लागला. थुंकीत रक्त. खिळा धरला की दातच मागं सरायचा.

"अहो, काढून टाका एकदाचे सगळे," बायको म्हणाली. "कवळी बसवा. भांडताना काढून ठेवलीत की मला तेवढीच शांतता."

"आणि खिळे कुठं धरू? तुझ्या अंबाड्यात?"

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी हिरडी आणि दाताच्या फटीत खुणांची बारीक सळई सरकवली. चार जागी सहा-सहा मिलिमीटर खोल. निरोगी हिरडीत तीनच्या वर जात नाही, म्हणाल्या.

"आत कीट बसलंय. ते खरवडायचं, खरं काम तेच. मग फटीत जंतुनाशकाची चकती ठेवते, आठवडाभरात विरघळेल. झालाच तर थोडा फायदा. पण हा डुलणारा राहील अशी हमी देत नाही."

भूल देऊन बाईंनी खरवडायला घेतलं. हिरडीखालचं काही दिसत नव्हतं. बाई बोटांना लागेल तसं काम करत होत्या. कापडाखालची चौकट तात्याही असेच चाचपत. पण त्यांची चौकट लाकडाची. ही जित्या माणसाची.

चार जागी चार चकत्या बसल्या, नखाच्या टोकाएवढ्या. दुसऱ्या दिवशी खुर्ची ठोकताना जिभेला काहीतरी लागलं. जिभेनं सवयीनं उकरलं, फिरवलं, ओठांवर आणलं. तात्यांनी ते चिमटीत धरून हातोडी उगारली, तेव्हा कळलं. चकती! तीही डुलणाऱ्या दाताची.

"ठोका की आता," बायको म्हणाली. "खुर्चीच्या हिरड्या तरी सुधारतील."

लाजेनं तात्यांनी बाईंना कळवलंच नाही. खिळे मात्र वाटीत गेले, आणि दातांच्या फटी बारीक ब्रशानं दोन्ही वेळा घासणं सुरू झालं.

तीन महिन्यांनी पुन्हा सळई फिरली. तीन जागी तीन मिलिमीटर. डुलणाऱ्यापाशी तात्यांनी डोळे मिटले.

"चार," बाई म्हणाल्या. दात दोन्ही बाजूंनी दाबून पाहिला. "राहतोय हा."

"पण बाई, तिथली चकती तर मी दुसऱ्याच दिवशी उकरून काढली!"

बाईंना हसू फुटलं. "चकती नुसती हाताखालची मदत. खरवडलं मी, घासलंत तुम्ही. धरलं ते हिरडीनं."

तात्यांनी अंगठ्यानं दात ढकलून बघितला. मग जरा जोरानं. हलेना. चाळीस वर्षांत शेकडो खिळखिळ्या खुर्च्या त्यांनी आवळल्या होत्या. आपोआप आवळली गेलेली एकही बघितली नव्हती.